बोअरच्या पाण्यातलं शिसं नॅनोफायबरच्या पट्टीनं घरच्या घरी ओळखता येईल का?

तुम्ही विचारलंय, पट्टी बुडवली, रंग बदलला की शिसं आहे असं धरायचं का? मी हेच काम करतो. त्या रंगावर विसंबू नका.

पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००) लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. इतकं कमी शिसं साध्या फ्लेम एएएस यंत्राला (नमुना ज्योतीत फवारून धातू मोजणाऱ्या) नीट दिसत नाही. म्हणून आधी ते गोळा करावं लागतं, आणि नॅनोफायबर, म्हणजे अतिबारीक धाग्यांचा थर, लागतो तो त्यासाठी.

पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल हा पॉलिमर (एक प्रकारचं प्लास्टिक) डीएमएफ या द्रावकात विरघळवून सिरिंजमध्ये भरतो आणि सुईला १५-२० हजार व्होल्ट देतो. समोरच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर कोळिष्टकासारखा पांढरा थर चढतो. एकेक धागा काहीशे नॅनोमीटरचा, केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही बारीक. जुलैत मात्र वैताग असतो. हवेतल्या ओलाव्यानं पॉलिमर सुईच्या टोकावरच थिजतो, मग दर पाच मिनिटांनी पुसत बसा. हा थर हायड्रॉक्सिलअमाइन या रसायनाच्या द्रावणात तापवला की त्यावर शिसं धरून ठेवणारे रासायनिक गट तयार होतात.

आता त्यातून अर्धा लिटर पाणी सावकाश ओढायचं आणि अडकलेलं शिसं ५ मिली सौम्य नायट्रिक आम्लानं उतरवून घ्यायचं. सगळं पकडलं गेलं तर शंभरपट दाट होतं. लिटरला २ मायक्रोग्रॅमचे २०० होतात आणि यंत्राला सहज दिसतात.

रंगाच्या पट्टीत बहुधा डिथिझोन हे धातूंशी रंग बदलणारं रसायन असतं. ते शिशाला लाल होतं, तसं जस्तालाही होतं. शिवाय बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम शिशाच्या हजारो पट, तेही धाग्यावरची जागा अडवू पाहतं.

एकदा आमच्या ब्लँकमध्येच, म्हणजे नुसत्या शुद्ध पाण्यात, जस्त यायला लागलं. दोन आठवडे आम्ही धाग्यांना दोष दिला. निघाले पावडरवाले हातमोजे!

त्यापेक्षा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नमुना द्या. बाटली त्यांच्याकडूनच घ्या, आम्लानं धुतलेली मिळते. एक नमुना सकाळी नळ उघडल्याबरोबर भरा, दुसरा पंप दहा मिनिटं चालवून. पहिल्यात शिसं जास्त निघालं तर आधी नळ आणि पाइप तपासा, बोअरकडे नंतर बघू.