गाडीची विचारपूस : बोरचं पाणी, पेट्रोल अन् कुटारातले उंदीर

प्रश्न : भाऊ, माह्याजवळ ८०० सीसीची पेट्रोल गाडी आहे, सेकंडहॅन्ड घेतली. अकोल्याले जातो तं रस्त्यानं इंजिनच्या गरमीचा काटा बरोबर राहते, पण एप्रिल लागला का बाजारात नाहीतर फाटकावर गाडी थांबली की काटा चढते वर. मेकॅनिक म्हणे पाणी टाकत जा, म्हणून रोज सकाळी बोरचं पाणी टाकतो. तरी तेच. इंजिन गेलं का?
– एक शेतकरी वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : इंजिन गेलं नसावं, अजून तरी. पण भाऊ, दर्यापूर तालुक्यात राहून तुम्ही रेडिएटरमध्ये बोरचं पाणी टाकून राहिले हे वाचून मी कपाळावर हात मारला. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाचा अमरावती-अकोला-बुलडाण्याचा हा सगळा खारपाणपट्टा, जे पाणी हरभऱ्याला द्यायचं म्हटलं तर माणूस दहादा विचार करतो, ज्यानं जमीन चोपण होते, ते तुम्ही रोज गाडीला पाजून राहिले. मे संपेपर्यंत कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर चढून त्या कशा कडक होतात ते पाहिलंच असंल, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून तेच चालू आहे. पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतो, नळ्या बुजतात, ॲल्युमिनियम खाल्लं जातं, अन् मग उष्णता बाहेर पडत नाही.

आता तुमच्या लिहिण्यातच अर्धं निदान आहे. चालत्या गाडीत काटा बरोबर अन् थांबली की चढतो, म्हणजे पहिला संशय पंख्यावर. पळताना समोरून वारा लागतो, थांबल्यावर सगळी मदार त्या इलेक्ट्रिक पंख्यावर असते. बोनेट उघडा, गाडी चालू करा, एसी लावा, कॉम्प्रेसर सुरू झाला की पंखा फिरायला पाहिजे. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला करंट सोडणारा स्विच), मग पंख्याची मोटर पाहा. एसीवर फिरतो पण गाडी गरम झाल्यावर आपोआप लागत नाही, तर टेंपरेचरचा सेन्सर तपासा.

दुसरी गोष्ट, रोज पाणी टाकायचं कामच काय? कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) सिस्टीम बंदिस्त असते, रोज कमी होत असंल तर ते कुठंतरी जाऊन राहिलंय. होजची क्लिप, वॉटर पंप, रेडिएटरचा खालचा जोड, हे सगळं पाहा. बाहेर कुठं ओल दिसत नाही, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसतो, असं काही असंल तर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालची सील) गेलंय अन् मग चालवत बसू नका, खर्च वाढतच जाईल. आपल्याकडं काही मेकॅनिक 'इतक्या उन्हात थर्मोस्टॅट कायले पाहिजे' म्हणून काढूनच टाकतात, तुमच्या गाडीत तो (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) आहे का तेही विचारा. थर्मोस्टॅट नसला की थंडीत इंजिन लवकर तापत नाही, गाडीला वाटतं इंजिन अजून थंडच आहे अन् ती पेट्रोल जास्त सोडत राहते.

आता करायचं एवढंच. रेडिएटर चांगला धुऊन काढा, शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनं, मग मॅन्युअलमध्ये लिहिलेलं तयार कूलंट भरा, किंवा घट्ट कूलंट असंल तर डब्यावर लिहिल्या मापानं डिस्टिल्ड वॉटर मिसळा. अन् रस्त्यात काटा लालवर गेलाच तर बाजूला घेऊन गाडी बंद करा आणि अर्धा तास तरी रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली शंभर डिग्रीच्या वरचं पाणी असतं, झाकण उघडताच ते उसळून तोंडावर येतं, मग चेहरा-हात भाजून दवाखाना.

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल कार आधी लिटरला १८ द्यायची, आता १३ च देऊन राहिली. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात इथेनॉलमुळं. खरं आहे का? शाळा घरापासून ४ किलोमीटर आहे.
– एक शिक्षिका, पांढरकवडा

उत्तर : मॅडम, इथेनॉलवर खापर आहे, पण एवढं मोठं नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळं २० टक्के इथेनॉलच्या ई-२० नं ॲव्हरेज पडतंच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धर्तीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्क्यांचा अंदाज दिला होता. आता हिशोब करा, १८ चे १७ झाले तर इथेनॉल समजा, १३ झाले तर चोर दुसरा आहे.

माझा संशय त्या ४ किलोमीटरवर आहे. इंजिन पुरतं तापायच्या आतच शाळा येते, थंड इंजिन पेट्रोल जास्त खातं, संध्याकाळी परत तेच. मग टायरची हवा, ती ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरनुसार, सकाळी टायर थंड असताना भरा, पंपवाल्या पोराच्या अंदाजावर सोडू नका. एअर फिल्टर काढून पाहा, सोयाबीनच्या दिवसात हडंब्याची (मळणी यंत्राची) धूळ सगळीकडं उडते अन् फिल्टर बुजतो. एखादा ब्रेक धरून राहत असंल तर थोडं चालवल्यावर त्या चाकाची डिस्क बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागते (हात लावू नका, जवळ नेला तरी कळतं). अन् मोजताना डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका, टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पहिल्या कटपर्यंत (नळी आपोआप बंद होईपर्यंत) फुल करा अन् चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरनं भागा.

प्रश्न : एमएच-२९ पासिंगची २०११ ची पेट्रोल गाडी आहे. गावात म्हणून राहिले, १५ वर्षं झाली की भंगारात द्यावी लागते.
– एक वाचक, दारव्हा

उत्तर : द्यावी लागत नाही. ती १० वर्षं डिझेल अन् १५ वर्षं पेट्रोलची भानगड दिल्ली-एनसीआरची आहे, यवतमाळ जिल्ह्याची नाही. तुमच्या आरसीची मुदत १५ वर्षांची असते, ती संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करा, आरटीओत गाडी दाखवा, पास झाली की पुढची ५ वर्षं मोकळे. पर्यावरण कर भरावा लागंल, इन्शुरन्स अन् पीयूसी चालू ठेवा. भंगारवाला दारात येऊन घाई करत असंल तर चहा पाजा अन् वापस पाठवा.

प्रश्न : गाडी कोठ्याजवळ (गुरांच्या गोठ्याजवळ) उभी राहते, उंदरांनी वायरिंग कुरतडलं, बदललं, पुन्हा कुरतडलं. औषध टाकू का?
– एक वाचक, कारंजा

उत्तर : औषध टाकूच नका. उंदीर एसीच्या ब्लोअरमध्ये जाऊन मरतो अन् मग पंधरा दिवस गाडीत बसवत नाही. कोठ्याजवळ म्हणजे बाजूला कुटाराचा (मळणीनंतरच्या भुशाचा) ढीग असणारच, तुरीचं नाहीतर सोयाबीनचं. उंदराची वस्ती तिथं, अन् थंडीच्या रात्री गरम इंजिन म्हणजे त्याला आयती खोली. एअर फिल्टरचा डबा उघडून पाहा, आत कुटार अन् तुरीचे दाणे सापडले तर समजा संसार मांडलाय.

गाडी कुटारापासून लांब उभी करा, रात्री बोनेट उघडं ठेवा, उजेड-वारा असला की ते बसत नाहीत. बोनेटखाली तंबाखूची पानं ठेवणारे बरेच आहेत, काहींना गुण येतो. डांबर गोळ्यांचा वास मात्र एसीतून आत येतो, लेकरं बसत असतील तर त्या नकोच. अन् सकाळी गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर चाबी फिरवायची नाही. उंदीर पेट्रोलचा पाइपही सोडत नाही, अशा वेळी गाडी धक्का मारून उघड्यावर काढा, बिडी पेटवलेल्या माणसाला आधी दूर करा अन् मेकॅनिकलाच गावात बोलवा.