एसएमबी १ बंद केल्यावर ‘नेटवर्क’मध्ये सर्व्हर दिसत नाही, काय करावे?

एसएमबी १ (नेटवर्कवर फाइल शेअर करण्याची विंडोजची जुनी पद्धत) काढून टाकल्यापासून विंडोजच्या ‘नेटवर्क’ फोल्डरमध्ये तुमचा लिनक्सवरील सांबा सर्व्हर (विंडोजशी फाइल शेअर करणारा) दिसत नाही, म्हणून एसएमबी १ पुन्हा सुरू करावे का, असे तुम्ही विचारले आहे. कृपया करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर विंडोजच्या एसएमबी १ मधील त्रुटीतूनच एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरले होते. केवळ यादीत नाव दिसावे म्हणून तो दरवाजा उघडणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

आधी फाइल एक्सप्लोररच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यांना लागून सर्व्हरचे नाव किंवा आयपी पत्ता टाइप करून एंटर दाबा. फोल्डर उघडले, तर शेअरिंग शाबूत आहे, फक्त यादी हरवली आहे. पूर्वी ही यादी ‘कॉम्प्युटर ब्राउझर’ सेवा सांभाळत असे. नेटवर्कमधला एक संगणक आपोआप प्रमुख म्हणून निवडला जाई आणि बाकीचे त्याच्याकडून नावे घेत. ती सेवा एसएमबी १ वर अवलंबून असल्यामुळे त्याच्याबरोबर तीही गेली. आता हे काम डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ही पद्धत करते, ज्यात प्रत्येक संगणक स्वतःच आपली ओळख जाहीर करतो.

सांबाला मात्र ही भाषा स्वतःहून येत नाही. त्यासाठी सर्व्हरवर ‘डब्ल्यूएसडीडी’ हा छोटा प्रोग्रॅम चालू ठेवावा लागतो. आमच्या कार्यालयात मी तो बसवला, तरी नाव दिसेना. सांबाची कॉन्फिगरेशन फाइल अर्धा दिवस तपासत बसल्यावर लक्षात आले की सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ३७०२ आणि टीसीपी ५३५७ हे पोर्ट (नेटवर्कवरून माहिती आत-बाहेर जाण्याचे क्रमांकित मार्ग) बंदच होते. ते उघडल्यावर मिनिटभरात नाव दिसू लागले.

विंडोजच्या बाजूला नेटवर्क ‘प्रायव्हेट’ असावे आणि ‘फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट’ ही सेवा चालू असावी. विंडोज संगणकाने स्वतःही इतरांना दिसावे असे वाटत असेल, तर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवाही ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. सर्व्हर राउटरपलीकडच्या दुसऱ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) असेल, तर ही घोषणा सहसा तिथून इकडे पोहोचत नाही. अशा वेळी यादीची वाट न पाहता त्याचे फोल्डर थेट नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडून घ्या.