मशिनं जॉबच्या वाटेनं लावा

तुमच्याकडे सहा सीएनसी लेथ (संगणकावर चालणारी, जॉब फिरवून कापणारी), चार व्हीएमसी (उभ्या टूलनं मिलिंग करणारी) आणि दोन ड्रिल मशिनं आहेत. लेथ एका भिंतीला, व्हीएमसी समोरच्या भिंतीला. माल वेळेत निघत नाही, म्हणून मांडणीचं सॉफ्टवेअर घ्यावं का, असं विचारलंय.

आत्ता घेऊ नका. बारा मशिनं बारा जागी बसवायचे ४७ कोटींहून जास्त प्रकार होतात हे खरं. कूपमन्स आणि बेकमन या अर्थतज्ज्ञांनी १९५७ मध्ये हे गणित मांडलं. तीसेक मशिनं झाली की त्याचं अचूक उत्तर काढायला आजही संगणकाचा घाम निघतो. पण तुमच्या शेडमधले खांब, शटर आणि हवेची लाइन यांनीच बहुतेक प्रकार बाद होतात. आधी एवढंच लिहून काढा: कुठल्या मशिनवरून कुठल्या मशिनवर शिफ्टमध्ये किती ट्रॉल्या जातात आणि किती मीटर. दोन्हींचा गुणाकार ज्या जोडीत सगळ्यात मोठा येईल, ती मशिनं शेजारी हवीत.

सगळ्यात जास्त चालणारी एक पार्ट फॅमिली, म्हणजे सारख्याच मशिनांवरून जाणाऱ्या जॉबचा गट, धरा. समजा रोज ४५० नग हवेत आणि दोन शिफ्टमध्ये कामाचे १५ तास मिळतात. म्हणजे दर १२० सेकंदांना एक नग पडला पाहिजे. लेथवरच्या कामाचे (टर्निंगचे) दोन टप्पे १०० आणि ९० सेकंदांचे आणि व्हीएमसीचं काम २१० सेकंदांचं असेल, तर दोन लेथ आणि दोन व्हीएमसी यू आकारात लावा. ऑपरेटर आतल्या बाजूला, बर (कापून निघालेला धातूचा चुरा) बाहेरच्या बाजूला. लोडिंगला १५, १५ आणि २० सेकंद, चालायला १५ धरले तरी एका नगामागे ६५ होतात. चारही मशिनं एक माणूस आरामात सांभाळतो. ड्रिल आणि चेकिंग दुसऱ्याकडे, पण शेजारीच. बोअर (जॉबमधलं भोक) मोठा झाला तर तो दुसऱ्या-तिसऱ्या नगालाच कळतो, शंभराचा बिन भरल्यावर नाही. मला याचंच मोल सगळ्यात जास्त वाटतं.

टोयोटाच्या मशिन शॉपमध्ये ताईची ओनो यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हेच केलं: मशिनं समांतर किंवा एल आकारात लावून एका माणसाकडे तीन-चार दिली. कामगारांचा विरोध झाला होता. तुमच्याकडेही लेथवाला व्हीएमसीला हात लावत नसेल, तर आधी त्याच्याशी बोला, शिकवा, पगारात ते दिसू द्या. नुसती मशिनं हलवून काही होणार नाही.

मांडणीनं मशिनचा वेग वाढत नाही, हेही लक्षात ठेवा. व्हीएमसीच अपुरी पडत असेल तर आधी तिचा सेटअपचा, म्हणजे जॉब बदलताना जाणारा, वेळ कमी करा. मांडणीनं कमी होतो तो अडकलेला माल. शेडमध्ये १८०० नग अर्धवट आणि रोज ४५० बाहेर, म्हणजे प्रत्येक नग चार दिवस आत. तेच ४५० वर आणलं तर एक दिवस.

हलवण्याआधी जमिनीवर खडूनं आखून रिकामी ट्रॉली फिरवून बघा. पॅनेलचं दार पूर्ण उघडायला आणि मेंटेनन्सवाल्याला मागे उभं राहायला जागा हवीच. प्रेस असेल तर तिच्या हादऱ्यांजवळ व्हीएमसी नेऊ नका, आणि जागेवर बसवल्यावर लेव्हल पुन्हा काढा. सुरुवात या एकाच फॅमिलीपासून करा. सुटे, कमी नगांचे जॉब उरलेल्या मशिनांवर जुन्याच पद्धतीनं चालू द्या.