कॅसांड्रावर जेएमएक्स एक्स्पोर्टर लावल्यावर स्क्रेप टाइमआउट होतो, नोडटूलही चालत नाही. काय चुकतंय?

प्रश्नावरून मला कळलेलं चित्र असं: कॅसांड्रा (अनेक मशीनवर पसरलेला डेटाबेस) ४.० चे ६ नोड, सगळे डॉकरमध्ये, रेप्लिकेशन फॅक्टर ३ (म्हणजे डेटाच्या तीन प्रती), आकडे गोळा करणारा प्रोमिथियस वेगळ्या मशीनवर. कॅसांड्राचे आतले आकडे प्रोमिथियसला देणारा जेएमएक्स एक्स्पोर्टर जावा एजंट म्हणून एका नोडवर लावला आहे. स्क्रेप (प्रोमिथियसने ते आकडे ओढून घेणं) १० सेकंदांत पुरा होत नाही, आणि कंटेनरमध्ये शिरून नोडटूल (कॅसांड्राचं कमांड-लाइन साधन) स्टेटस दिलं की 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणत ते आपटतं. ही दोन वेगळी दुखणी आहेत. नोडटूलचं सोपं आहे, आधी ते उरकू.

तुम्ही एजंटची ओळ जेव्हीएम-ऑप्ट्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घातली आहे. नोडटूल हासुद्धा एक जावा प्रोग्रॅमच. तो तेच व्हेरिएबल उचलतो, स्वतःसाठी दुसरा एजंट सुरू करायला जातो आणि पोर्ट आधीच कॅसांड्राकडे असल्यामुळे मरतो. ओळ तिथून काढा आणि जेव्हीएम-एक्स्ट्रा-ऑप्ट्समध्ये टाका. कॅसांड्रा-एन्व्ह ही स्क्रिप्ट ते व्हेरिएबल शेवटी जोडून घेते. नोडटूलही ती स्क्रिप्ट वाचतो, पण त्यातून आलेले जेव्हीएम ऑप्शन टाकून देतो, त्यामुळे तो सुटतो. डॉकर नसतं तर जेव्हीएम-सर्व्हर डॉट ऑप्शन्स या फाइलमध्ये ओळ लिहिणं जास्त स्वच्छ.

ओळीची रचना अशी: उणे चिन्हाला जोडून जावाएजंट, कोलन, जार फाइलचा पूर्ण पत्ता, बरोबरचं चिन्ह, पोर्ट, कोलन, यॅमल फाइलचा पूर्ण पत्ता. मध्ये कुठेही स्पेस नको. एजंट कॅसांड्राच्याच प्रोसेसमध्ये बसतो, हे विसरू नका. जार सापडली नाही, ती वाचायची परवानगी कॅसांड्रा युजरला नसली, यॅमलमध्ये स्पेसऐवजी टॅब पडला किंवा पोर्ट दुसऱ्याने धरलेलं असलं, तर नुसता एजंट पडत नाही, जेव्हीएमच उठत नाही. म्हणजे डेटाबेसचा नोड खाली. म्हणून सहाही नोडवर एकदम काहीही ढकलू नका.

आता टाइमआउट. प्रोमिथियसचा स्क्रेप टाइमआउट मुळात १० सेकंदांचा असतो. तो वाढवून ६० केला की काम भागतं असं वाटतं, पण माझ्या मते ते तापावर पांघरूण घालण्यासारखं आहे. खरं कारण बीन्सची संख्या. (बीन म्हणजे जेएमएक्समधून दिसणारा आकड्यांचा एक संच.) कॅसांड्रा प्रत्येक टेबलामागे कित्येक डझन मेट्रिक बीन्स उघडते, त्यात सिस्टिम कीस्पेसची (कीस्पेस म्हणजे टेबलांचा गट) टेबलंही आली. टेबलं २०० आणि प्रत्येकामागे ५० बीन्स एवढंच धरलं तरी १०,००० बीन्स झाल्या. त्यातली जी टायमर प्रकारची, तिच्यात काउंट, मीन, मिन, मॅक्स, सहा पर्सेंटाइल, १-५-१५ मिनिटांचे रेट असे पंधराएक आकडे. भरीत भर म्हणजे ३.x आणि ४.x मध्ये तीच टेबल मेट्रिक्स जुन्या 'कॉलमफॅमिली' या नावानेही दिसतात, म्हणजे सगळं दुप्पट. एजंट दर स्क्रेपला हे सगळं फिरून येतो, आणि त्याचा सीपीयू तुमच्या क्वेरींच्याच वाट्यातून जातो.

उपाय म्हणजे काय घ्यायचं ते ऑब्जेक्ट नावांच्या पातळीवरच ठरवणं. नुसत्या यॅमलमधल्या रूल्समध्ये (बीनचं मेट्रिक कसं बनवायचं ते सांगणारे नियम) गाळून फायदा होत नाही, कारण रूल लागेपर्यंत बीन वाचून झालेली असते. यॅमलमधली ही यादी जुन्या आवृत्त्यांत व्हाइटलिस्ट-ऑब्जेक्ट-नेम्स नावाने येते, नव्यांत इन्क्लूड-ऑब्जेक्ट-नेम्स नावाने. तुमची जार कुठली ते पाहून शब्द वापरा. यादीत एवढंच ठेवा: मेट्रिक्स डोमेनमधले क्लायंटरिक्वेस्ट, थ्रेडपूल्स, ड्रॉप्ड-मेसेज, कॉम्पॅक्शन आणि स्टोरेज हे प्रकार. टेबल प्रकारातून फक्त कीस्पेस आणि स्कोप नसलेल्या एकत्रित बीन्स घ्या, आणि सोबत तुमची दोन-तीन भारी टेबलं नावानिशी. याखेरीज एक बीन हमखास सुटते: फेल्युअर-डिटेक्टर. ती मेट्रिक्स डोमेनमध्ये नाही, नेट डोमेनमध्ये आहे. ती का हवी ते पुढे सांगतो. जीसीसाठी (जावाची मेमरी-सफाई) वेगळं काही लिहू नका, जेव्हीएमची मेट्रिक्स एजंट आपण होऊन देतो.

रूल्समध्ये पहिला जुळलेला रूल लागतो आणि शोध तिथेच थांबतो. त्यामुळे सगळं पकडणारा ढोबळ रूल वर ठेवला की खालचे शोभेला. लेबलांत स्कोप विसरलात तर रीड लेटन्सी आणि राइट लेटन्सी एकाच नावाखाली येऊन आदळतात. लेटन्सी मायक्रोसेकंदांत येते: ८,५०,००० दिसलं तर ते ०.८५ सेकंद. रूलमध्ये व्हॅल्यूफॅक्टर ०.०००००१ दिला की सेकंद मिळतात आणि डॅशबोर्डवर कोणाचा गोंधळ होत नाही.

बदल केल्यावर प्रोमिथियसकडे जाण्याआधी त्याच नोडवर कर्लने मेट्रिक्सचं पान ओढा, ओळी मोजा आणि वेळ पाहा. ओळी काही हजारांत आणि वेळ एखाद-दोन सेकंदांच्या आत यायला हवा. ओळी लाखाच्या घरात असतील तर यादी लागूच झालेली नाही, बहुधा आवृत्तीप्रमाणे शब्द चुकला आहे. पानावर जेएमएक्स-स्क्रेप-एरर ० आहे ना, तेही बघा. स्क्रेप कॉन्फिगमध्ये सॅम्पल-लिमिट घालून ठेवा. मर्यादा ओलांडली की तो अख्खा स्क्रेप फसतो, हे कडक वाटेल. पण उद्या कोणी ५०० टेबलं बनवली तर प्रोमिथियसची मेमरी फुगण्यापेक्षा हे बरं.

बाकीच्या नोडवर नेताना एकावेळी एकच: नोडटूल ड्रेन (मेमरीतलं डिस्कवर उतरवून नवं काम थांबवणं), कंटेनर बंद, नवा कंटेनर सुरू, आणि दुसऱ्या नोडवरून स्टेटसमध्ये तो यूएन (अप-नॉर्मल) दिसेपर्यंत थांबणं. रेप्लिकेशन ३ असताना क्वोरम (प्रतींचं बहुमत) २ चा असतो. एक नोड खाली चालतो, एकाच डेटाच्या दोन प्रती एकदम खाली गेल्या की क्वोरमच्या क्वेरी नापास. एन्व्हायर्नमेंट बदलायचं म्हणजे कंटेनर नव्याने बनवावा लागतो, तेव्हा डेटा डिरेक्टरी व्हॉल्यूमवर आहे याची खात्री आधी करा. हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. नोड ३ तासांपेक्षा जास्त खाली राहिला तर बाकीचे नोड त्याच्यासाठी हिंट्स, म्हणजे राहून गेलेल्या लिखाणाच्या नोंदी, साठवणं थांबवतात (मूळ सेटिंग तेवढंच आहे), मग रिपेअर (प्रती एकमेकींशी जुळवणं) चालवावा लागतो.

आता फेल्युअर-डिटेक्टर. प्रोमिथियसचं 'अप' मेट्रिक ० झालं म्हणजे नोड मेला असा अर्थ लावू नका. एजंटचं उत्तर आलं नाही, एवढंच त्यातून कळतं. कॅसांड्राचा प्रत्येक नोड बाकीच्यांबद्दल स्वतःचं मत बाळगून असतो, आणि डाउन-एंडपॉइंट-काउंट हा आकडा म्हणजे त्या नोडला किती जण मेलेले दिसतात ते. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. अप ०, पण बाकीच्या पाचही जणांचा आकडा ०: नोड ठीक आहे, तुमचं एजंटचं पोर्ट किंवा फायरवॉल बघा. अप १, पण इतरांना तो मेलेला दिसतो: नोडांमधलं ७००० पोर्ट अडलं आहे. अप ० आणि इतरांचाही आकडा १: नोड खरंच गेला, किंवा जीसीच्या लांब पॉजमध्ये अडकला आहे, कारण त्या पॉजमध्ये एजंटही गोठतो. आणि तिघांना एक जण मेलेला दिसतो, दोघांना दिसत नाही, असं झालं तर नेटवर्क अर्धवट तुटलं आहे. हा प्रकार नुसत्या 'अप'वर कधीच कळणार नाही. अलर्ट लावताना या आकड्याची बेरीज नको, कमाल आणि किमान दोन्ही काढा आणि २ मिनिटं टिकला तरच वाजवा.

असंच पर्सेंटाइलचं. सहा नोडांच्या ९९व्या पर्सेंटाइलची (ज्या वेळेच्या आत ९९ टक्के क्वेरी संपतात तो आकडा) सरासरी काढली तर येणाऱ्या आकड्याला काहीच अर्थ नसतो. कमाल घ्या, आणि कुठल्या नोडची ते दाखवा. रेटसाठी बीनमधला वन-मिनिट-रेट वापरू नका, काउंटवर प्रोमिथियसचं रेट फंक्शन लावा.

रात्री उठवण्याजोगा दुसरा अलर्ट म्हणजे ड्रॉप्ड-मेसेजमधलं म्यूटेशन (टाकून दिलेल्या लिहिण्याच्या विनंत्या) शून्याच्या वर सतत जाणं. दोन प्रतींनी होकार दिला म्हणून क्लायंटला 'झालं' असं उत्तर गेलेलं असतं, पण तिसऱ्या नोडने ते लिहिणं टाकून दिलेलं असतं. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये याचा मागमूस नसतो. असे आकडे दिसले तर जीसी-ग्रेसच्या (डिलीटची खूण जपून ठेवायच्या मुदतीच्या) आत, म्हणजे मूळ सेटिंगप्रमाणे १० दिवसांत, रिपेअर झालाच पाहिजे, नाहीतर डिलीट केलेला डेटा परत उगवू शकतो. पेंडिंग कॉम्पॅक्शनवर (डेटा फाइल एकत्र करायची बाकी कामं) मात्र ठरावीक आकड्याचा अलर्ट ठेवू नका. मोठ्या लोडनंतर ते चढतात आणि उतरतात. तासन् तास उतरलेच नाहीत तर काळजी.

एजंट जेव्हीएमच्या आतलं सांगतो, मशीनचं नाही. म्हणून प्रत्येक होस्टवर नोड एक्स्पोर्टर (पोर्ट ९१००) हवाच. त्यातलं दोनच बघा म्हटलं तर एक डिस्क: साइझ-टिअर्ड कॉम्पॅक्शन असेल तर मोठं कॉम्पॅक्शन चालताना निम्मी डिस्क मोकळी लागू शकते, त्यामुळे ९० टक्क्यांवरचा अलर्ट फार उशिरा वाजेल. दुसरं घड्याळ: कॅसांड्रात नंतरचा टाइमस्टॅम्प जिंकतो, आणि एखाद्या नोडचं घड्याळ पुढे पळालं तर जुनी किंमत नव्यावर बसते. नोड एक्स्पोर्टरमधला टायमेक्सचा ऑफसेट (घड्याळातला फरक) आलेखावर ठेवा. आणि एजंटचं पोर्ट फक्त प्रोमिथियसच्या आयपीलाच उघडा. ७१९९ हे जेएमएक्सचं पोर्ट लोकलहोस्टवरच राहू द्या, एजंट आत बसत असल्याने ते बाहेर उघडायची गरजच पडत नाही.