संध्याकाळीच रेषा हलते, म्हणजे ट्यूब गेली असं नाही

भाऊ, तुमचा प्रश्न असा: दारव्हा तालुक्यातलं गाव, कॉलेजच्या लिलावातून घेतलेला २० मेगाहर्ट्झचा जुना ड्युअल चॅनेल सीआरओ, म्हणजे सिग्नलची लाट स्क्रीनवर दाखवणारा ऑसिलोस्कोप. सकाळी रेषा सरळ, संध्याकाळी तीच रेषा लहरते आणि चित्र फुगून फिकं पडतं. टीव्हीवाला म्हणतो, ट्यूब गेली. ट्यूब काय घड्याळ पाहून बिघडते का? ट्यूबच्या शोधात नागपूरच्या सीताबर्डीची दुकानं पालथी घालू नका.

आधी उघडू नका, त्याच्याच स्क्रीनवर बघा. संध्याकाळी इनपुट जीएनडीवर (ग्राउंडवर, म्हणजे बाहेरचा सिग्नल बंद) ठेवा, ट्रिगर सोर्स लाइनवर (म्हणजे मेन्सच्या तालावर) आणि टाइमबेस दर घराला ५ मिलिसेकंद. जीएनडीवरही लाट दिसली तर प्रोबचा दोष नाही, बिघाड आतला आहे. आता स्क्रीनवरची आडवी घरं मोजा. दर दोन घरांना एक लाट आली तर ते १०० हर्ट्झ, म्हणजे रेक्टिफायरनंतरचा रिपल (एसीचा डीसी केल्यावर उरलेला चढउतार) रेलमध्ये, म्हणजे आतल्या डीसी पुरवठ्यात, शिरतोय. चार घरांना एक आली तर ५० हर्ट्झ: रेक्टिफायरच्या ब्रिजमधला एखादा डायोड उघडा (तुटलेला), नाहीतर जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. शेजारी स्टॅबिलायझर ठेवला असेल तर तो लांब सरकवून बघा.

मला १०० हर्ट्झचाच संशय आहे, आणि त्यातला अर्धा दोष तुमच्या लाइनचा. गहू-हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस, त्यात संध्याकाळचा घरोघरचा लोड. व्होल्टेज १८० वर येणं आपल्याकडे नवीन नाही. आता हिशोब बघा. १२ व्होल्टच्या साध्या रेग्युलेटरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाला) मागून किमान १४ लागतात. २३० ला फिल्टर कपॅसिटरवर १८ मिळत असतील तर १८० ला जेमतेम १४ उरतात, आणि रिपलचा तळ त्याच्याही खाली जातो. त्या क्षणी रेग्युलेटर हात टेकतो आणि लाट थेट रेलवर येते. चित्र फुगतं तेही यामुळेच: ट्यूबचं हाय व्होल्टेज उतरलं की तेवढ्याच सिग्नलला किरण जास्त वळतो.

उरलेला अर्धा दोष म्हाताऱ्या कपॅसिटरचा असू शकतो. कपॅसिटी घटली की रिपलचा तळ आणखी खोल जातो; सकाळी २३० ला निभतं, संध्याकाळी उघडं पडतं. दोन्ही वेगळे ओळखायचे तर डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) मागून आणा. २३० वरून हळूहळू उतरवत रेलवर मल्टीमीटर लावा, आधी डीसी मग एसी रेंज. असली यंत्रं साधारण १० टक्के कमी, म्हणजे २०७ पर्यंत तरी चालायला हवीत. २१५ लाच रिपल उसळला तर कपॅसिटर बदला. १९० पर्यंत गप्प राहिला तर सोल्डरिंग गन बाजूला ठेवा आणि चांगला स्टॅबिलायझर घ्या.

कपॅसिटर घ्याल तर १०५ डिग्रीवालाच, व्होल्टेज रेटिंग मूळच्याइतकं किंवा जास्त. मे महिन्यात टिनाच्या खोलीत बाहेरच ४५ असतं, डब्याच्या आत किती होत असेल विचार करा. बदलल्यावर पहिल्यांदा १०० वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्ये चालू करा. बल्ब तारेचाच हवा, एलईडी चालणार नाही. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तसाच जळत राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे.

ट्यूबच्या मानेकडच्या सॉकेटला मात्र मल्टीमीटर लावायचा नाही. तिथे दोन हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि आपले मीटर हजाराचे. बंद केल्यावरही तिथला चार्ज टिकतो.

अर्थिंगची पिनही काढू नका, भले कुणी काहीही सांगो. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. अधूनमधून पाणी टाकत जा.

संध्याकाळच्या वेळी लाइनचं व्होल्टेज आणि प्रत्येक रेलचं डीसी-एसी रीडिंग इथे टाका, सर्किटचा फोटो असेल तर तोही. रेल स्वच्छ असूनही रेषा फिकीच राहिली, तर ट्यूबचं बोलू.