शमाया कोणता? दलायाचा की शखन्याचा?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी तुमचा जुना विद्यार्थी, चौलचा. आमच्या शेजारचं बेने इस्रायल (कोकणातले ज्यू) कुटुंब इस्रायलला गेलं, तेव्हा त्यांचं मराठी बायबल माझ्याकडे ठेवून गेलं. यंदा पावसात वाडीची कामं थांबली म्हणून वाचायला घेतलं. त्यात शमाया नावाचा माणूस रहबाम राजाच्या वेळी भेटतो, पुढे यिर्मया संदेष्ट्याच्या वेळी भेटतो आणि नहेम्याच्या वेळीही हजर! हा एकच का? मथुशलह ९६९ वर्षं जगला असं त्याच पुस्तकात आहे, म्हणून विचारतो. – एक वाचक, चौल

उत्तर : वर्गात असं विचारलं असतंस तर तुला शेवटच्या बाकावरून उचलून पुढे बसवलं असतं.

रहबाम हा दावीद राजाचा नातू, नहेम्या हा यरुशलेमचा तट पुन्हा बांधून घेणारा. दोघांमध्ये जवळजवळ पाचशे वर्षं. मथुशलहला ती जड नसती गेली, पण तो जलप्रलयाच्या आधीचा. राजांच्या काळात माणसं आपल्यासारखीच मरत. दावीद सत्तरीत गेला. तेव्हा तुझे तीन शमाया तीन निरनिराळे. खरं तर सगळ्या ग्रंथात मिळून वीसच्या वर आहेत. दाविदाच्या वेळी याजकांच्या, म्हणजे पुजाऱ्यांच्या, पाळ्या लिहून घेणारा लेवी वंशातला शमाया, ओबेद-अदोमाचा थोरला मुलगा शमाया, असे बरेच. बहुतेकांच्या वाट्याला एखादीच ओळ आलेली.

एका नावाने किती घोळ होतो ते मला विचार. एका वर्षी माझ्या वर्गात तीन संतोष होते. एकाने नारळाच्या झापाने दुसऱ्याच्या पाठीवर वळ उठवले. मी रागाने चिठ्ठी लिहिली, 'संतोषच्या वडिलांस', आणि पोरांच्या हाती दिली. ती पोचली भलत्याच घरी. ज्याने मार खाल्ला होता त्यालाच घरी पुन्हा बसला. त्या दिवसापासून मी बापाचं नाव घातल्याशिवाय चिठ्ठी लिहिली नाही. गावात तर लोक पूर्वीपासून तेच करतात : बंदरावरचा संतोष, खळ्यातला संतोष. आम्ही बेने इस्रायलांनीही गावाला 'कर' लावून चौलकर, किहीमकर, पेझारकर, पेणकर करून घेतलं, नाहीतर एवढ्या सामाजी-मुसाजींतून माणूस शोधायचा कसा?

ग्रंथही तसाच शेपूट लावून देतो, फक्त वाचताना ते डोळ्यांआड होतं. पहिला आहे 'देवाचा माणूस' शमाया. इस्राएलाचे दहा वंश राज्यातून फुटून निघाले तेव्हा रहबामाने त्यांच्यावर चालून जायला १,८०,००० लढवय्ये जमवले. शमायाने सांगितलं की ते तुमचे भाऊबंद आहेत, लढू नका, घरी जा. आणि नवल म्हणजे एवढी माणसं मुकाट्याने घरी गेली. भाऊबंदकीचा खटला असा एका वाक्यात मिटलेला मी तरी अलिबागच्या कोर्टात कधी ऐकला नाही.

दुसरा 'नेहेलामी' शमाया. हा बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्यांपैकी. यिर्मयाने तिकडच्या लोकांना पत्र पाठवलं होतं : घरं बांधा, बागा लावा, सत्तर वर्षं तिथेच राहायचं आहे. ते याला झोंबलं. याने उलट यरुशलेमच्या याजकाला लिहिलं की त्या यिर्मयाला खोड्यात का घालत नाहीस? याजकाने काय करावं, तर ते पत्र यिर्मयालाच वाचून दाखवलं.

तिसरा मला सगळ्यांत जास्त आवडतो, म्हणजे माणूस म्हणून नव्हे, गोष्ट म्हणून. 'दलायाचा मुलगा, महेतबेलाचा नातू' शमाया. यरुशलेमच्या तटाचं काम संपत आलेलं, आणि हा घरात दार लावून बसलेला. नहेम्या भेटायला गेला तर म्हणतो, रात्री तुला मारायला येणार आहेत, चल, मंदिराच्या आत शिरून दारं लावून घेऊ. आत फक्त याजकांनीच जायचं, आणि नहेम्या याजक नव्हता. आत शिरला असता तर उद्या शत्रूंनी बोंब ठोकली असती. तो म्हणाला, माझ्यासारखा माणूस पळेल का? मग त्याच्या ध्यानात आलं की तोबिया आणि सनबल्लट या त्याच्या शत्रूंनी शमायाला पैसे चारले आहेत. तट ५२ दिवसांत पुरा झाला.

आता त्याच पुस्तकात तीन अध्याय मागे जा. तट बांधणाऱ्यांच्या यादीत 'शखन्याचा मुलगा, पूर्व वेशीचा राखणदार' शमाया सापडेल. गाव एक, तट एक, नाव एक. एकजण दगड रचतोय आणि दुसरा बांधणाऱ्याला घाबरवतोय. बापाचं नाव गाळून वाचलंस तर त्या बिचाऱ्या राखणदारावर फुकटचा आळ. माझ्या संतोषसारखाच.

नावाचा अर्थ 'परमेश्वराने ऐकलं'. 'शमा' म्हणजे ऐकणं. शिमोनाच्या नावातही तेच आहे. आमच्या लोकांना हा शब्द परका नाही. कोकणात राहता राहता हिब्रू विसरली, पोथ्या उरल्या नाहीत, गावाने कामावरून आणि शनिवारच्या सुट्टीवरून 'शनवार तेली' नाव ठेवलं, तरी 'शेमा इस्रायल', म्हणजे 'हे इस्राएला, ऐक', ही एक ओळ तोंडात राहिली. सुंता असो, लग्न असो, मयत असो, तीच म्हणायची. त्यामुळे खोटं बोलायला पैसे घेणाऱ्याचंही नाव शमाया, हे वाचून लहानपणी मला फार राग आला होता. आजी म्हणाली, नाव आईबापांनी ठेवलेलं असतं, त्याने नाही.

शमाया संपले की जखऱ्याकडे वळ, पण जपून. यहोयादाचा मुलगा जखऱ्या मंदिराच्या अंगणात योवाश राजाच्या हुकमाने दगडांनी मारला गेला. ज्याच्या नावाचं पुस्तक आहे तो बरख्याचा मुलगा, इद्दोचा नातू, त्याच्या अडीचशेहून अधिक वर्षांनंतरचा. हे दोघे जुन्या काळीही एकमेकांत मिसळले आहेत. ख्रिस्ती बांधवांच्या मत्तयच्या शुभवर्तमानात मंदिरात मारला गेलेला जखऱ्या 'बरख्याचा मुलगा' म्हणून येतो. आणि आम्ही ज्याच्या नावाने मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, करतो त्या एलीया संदेष्ट्याच्या नावाचंही ऐक. एज्राच्या पुस्तकात परक्या बायका केलेल्यांची यादी आहे, त्यात हारीमच्या घराण्यातला एक याजक एलीया आहे. तो आमचा नव्हे हो! पोहे-गुळाचं ताट त्याच्यासाठी नाही.

पेन्सिल घेऊन वाच, आणि प्रत्येक नावापुढे समासात बाप लिहीत जा. शाई नको, पुस्तक शेजाऱ्याचं आहे.