पाच पानं झाली, पण तुझा प्रश्न कुठल्या पानावर आहे?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी मूळची डोंबिवलीची, मायक्रोबायॉलॉजीत पीएचडी मुंबईतच केली, विषय ठाणे खाडीच्या गाळातले बॅक्टेरिया आणि हेवी मेटल्स. मग साडेतीन वर्षं जर्मनीत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) केला, आता घरी परत आलेय आणि आयसर (केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था), आयआयटी अशा ठिकाणी असिस्टंट प्रोफेसरसाठी अप्लाय करतेय. सगळीकडे रिसर्च स्टेटमेंट मागतात, म्हणजे पुढे काय संशोधन करणार ते लिहून. मी पाच पानं लिहिली, पीएचडीच्या सरांना दाखवली, ते म्हणाले छान आहे, दे पाठवून. दोन ठिकाणी पाठवलं, दोन्हीकडून कॉलच नाही. पेपर्स बरे आहेत माझे. चुकतंय कुठे तेच कळत नाहीये. पाचही पानं सोबत जोडलीत. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अगं, तुझं पहिलं पान मी दोनदा वाचलं. एकदा घाईघाईत, कमिटीतला माणूस वाचतो तसं, आणि मग चहा घेऊन नीट. तू इंग्रजीत लिहिलंयस, मी मराठीत सांगते. सुरुवात अशी आहे : "हेवी मेटल प्रदूषण ही आज जगापुढची गंभीर समस्या आहे आणि सूक्ष्मजीव त्यावर पर्यावरणपूरक उपाय ठरू शकतात." त्यानंतर पीएचडीत किती स्ट्रेन्स आयसोलेट केल्या, पेपर कुठे आले, मग पोस्टडॉकमध्ये कुठली टेक्निक्स शिकलीस. पान संपलं. खोटं काहीच नाहीये त्यात, पण हे सगळं तुझ्या सीव्हीत आधीच आहे, आणि ते पहिलं वाक्य या विषयात काम करणारं कोणीही लिहू शकतं. तुला पुढे काय शोधायचंय हे मला पान उलटेपर्यंत कळलं नाही, आणि शॉर्टलिस्ट करताना पान उलटलं जाईलच याची खात्री नसते.

कमिटी म्हणजे कोण असतं ते डोळ्यासमोर आण. बायॉलॉजी डिपार्टमेंट असेल तर एक प्रोटीनच्या स्ट्रक्चरवाला, एक न्यूरोसायन्सवाली, एक झाडांवर काम करणारा, खाडीतला गाळ हातात घेतलेलं बहुतेक कोणी नसतं. दिवसभर लेक्चर्स करून संध्याकाळी ते फाइल उघडतात, समोर अर्जांचा ढीग. मी स्वतः बरीच वर्षं असे अर्ज वाचलेत म्हणून सांगते, त्या वेळी आम्ही मनात फक्त तीन गोष्टी शोधत असतो. हिचा स्वतःचा प्रश्न काय, तो हिच्याच हातून का सुटेल, आणि इथे रिकामी खोली दिली तर ही पहिल्या वर्षी काय सुरू करेल. ही तीन उत्तरं पहिल्या पानावर मिळाली की आम्ही उरलेली पानं आपणहून वाचतो.

मी पहिल्यांदा अप्लाय केलं तेव्हा थिसिसचा सारांश काढून तोच पाठवला होता. एका ठिकाणी बोलावलं पण. तिथे एका सीनिअर बाईंनी अगदी शांतपणे विचारलं, "हे काम तुझ्या गाईडच्या लॅबमध्ये चालूच राहणार आहे ना, मग आम्ही तुला का घ्यायचं?" मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न बरोबर होता, आणि आता मी प्रत्येक स्टेटमेंट वाचताना तोच विचारते.

आता तुझंच उदाहरण घेऊ. तुझ्या तिसऱ्या पानावर, एका परिच्छेदाच्या मध्ये दडलेलं एक वाक्य तू सहज लिहून गेलीयस, की भरतीच्या वेळचे आणि ओहोटीच्या वेळचे सॅम्पल्स कधीच जुळायचे नाहीत. अगं, हाच तर तुझा प्रश्न आहे! यावर सगळं उभं कर. मी असं लिहीन बघ :

"ठाणे खाडीचा गाळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि दोनदा उघडा पडतो. खाली ऑक्सिजन नसलेल्या थरात काही बॅक्टेरिया श्वासासाठी सल्फेट वापरतात आणि सल्फाइड बनवतात, ते सल्फाइड धातूंना गाळात बांधून ठेवतं. पण यातलेच काही बॅक्टेरिया पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, जे मासळीच्या अंगात साठत जातं. म्हणजे एकच समूह धातू अडवतो पण आणि विषारी करून सोडतो पण. भरती-ओहोटीच्या चक्रात कुठल्या वेळी, किती खोलीवर, कुठलं काम वरचढ ठरतं, हे मला शोधायचंय."

यात एकही अवघड शब्द नाहीये, न्यूरोसायन्सवालीला पण कळेल, आणि निवट्या नि चिंबोऱ्या खाणाऱ्या ऐरोली-दिवाळ्याच्या माणसाला पण कळेल की हे का शोधायचं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं या खाडीत आलंय, हे एका वाक्यात सांग, "जागतिक समस्या" म्हणायची गरजच उरत नाही. मग लगेच सांग की हे आत्ताच का शक्य आहे : पाऱ्याचं मिथिलेशन (म्हणजे त्याचं मिथाइल मर्क्युरी) करणारी एचजीसीए आणि एचजीसीबी ही जीन्स २०१३ मध्ये सापडली, त्यामुळे आता गाळाच्या डीएनएत ती शोधता येतात, आणि आरएनए बघितला तर ती कधी चालू असतात तेही. आणि मग, हे माझ्याच हातून का? तर खाडीत उतरून सॅम्पलिंग पीएचडीत केलंय आणि आरएनएचं काम जर्मनीत शिकलेय. बघ, तुझा सगळा इतिहास दोन ओळींत आला आणि कामाला लागला.

यानंतरचा भाग लोक सगळ्यात कच्चा लिहितात, म्हणजे हे जमणार कसं. इथे मात्र बारकाईने लिही. आयसीपी-एमएसवर (धातू मोजायचं यंत्र) एकूण पारा कळतो, मिथाइल मर्क्युरी वेगळं मोजायला आधी क्रोमॅटोग्राफीने वेगळं करावं लागतं, हे कमिटीतला एखादा केमिस्ट नक्की विचारणार, तर तूच आधी सांगून टाक की ते कुठल्या फॅसिलिटीत करशील किंवा कोणाबरोबर. खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आलाय, म्हणजे सॅम्पलिंगला वनखात्याची परवानगी लागणार, ती यायला वेळ लागतो, मग पहिले सहा महिने परवानगीची वाट बघत बसणार का अभयारण्याबाहेरच्या गाळावर लॅबमध्ये कृत्रिम भरती-ओहोटी करून प्रयोग सुरू करणार, ते लिही. हे वाचलं की समोरच्याला कळतं की हिने खरंच चिखलात पाय घातलेत. आणि मिथिलेशनचा भाग फसला तर? सल्फाइड आणि कॅडमियम, झिंकचं काम तरी उभं राहतं, हे पण लिहून ठेव, घाबरू नको, त्याने अर्ज कमजोर होत नाही.

पैशाबद्दल. सीड ग्रँटमधून (संस्था सुरुवातीला देते त्या पैशातून) काय घेशील आणि बाहेर कुठे प्रपोजल टाकशील, दोन्ही लिही, पण "सर्बला प्रपोजल पाठवणार" असं लिहू नको, तुझ्या पाचव्या पानावर ते आहे. सर्ब म्हणजे संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं मंडळ, २०२३ च्या कायद्याने त्या कामासाठी एएनआरएफ आलं आणि सर्ब त्यातच विलीन झालं. छोटी गोष्ट वाटते, पण वाचणाऱ्याला वाटतं की हिने इथली माहिती काढलीच नाहीये.

आता जरा नाजूक विषय. पोस्टडॉकच्या बॉसशी बोललीस का, की यातलं काय तू घेऊन जाणार आणि काय त्यांच्याकडे राहणार? बोल, आणि बोलणं झालं की त्यांना आठवण म्हणून एक साधं ईमेल टाक. त्यांच्या रेकमेंडेशन लेटरमध्ये "भरती-ओहोटीचा प्रश्न हा पूर्णपणे तिचा" असं एक वाक्य आलं तर ते तुझ्या अर्ध्या पानापेक्षा जड आहे. पीएचडीच्या सरांबद्दल पण हेच. ते छान म्हणाले कारण त्यांना तुझं काम आधीच माहितीये. तू तुझ्या एखाद्या फिजिक्सवाल्या मैत्रिणीला फक्त पहिलं पान दे आणि वाचून झाल्यावर विचार, मला काय शोधायचंय सांग. ती अडखळली तर परत लिही.

आणि सगळीकडे एकच फाइल पाठवू नको गं. आयसरला पाच वर्षांचे बीएस-एमएसचे विद्यार्थी असतात, शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करतात, तर यातला कुठला तुकडा एका विद्यार्थ्याला वर्षभरात पुरा होण्यासारखा आहे ते लिही. पवईला, म्हणजे आयआयटी मुंबईला, अप्लाय करत असशील तर आधी ठरव, बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग का एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंग, दोन्हीकडे वाचणारे वेगळे, पहिला परिच्छेद तोच ठेवून पुढचा भर बदलावा लागेल. तिथल्या दोन-तीन लोकांचं काम खरंच वाचून कोणाबरोबर काय जमेल ते लिही, नुसती नावं टाकली तर लगेच कळतं. पानांची मर्यादा जाहिरातीत दिलेली असते, ती ओलांडू नको. एक चित्र जरूर टाक, गाळाचा उभा छेद, वर भरतीची रेघ, खाली कुठे काय घडतं ते बाणांनी. हाताने काढून मग कॉम्प्युटरवर केलेलं पण चालतं.

प्रश्न : मला मुंबईतल्याच डिग्री कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचंय, सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) झालंय, पीएचडी चालू आहे. मला पण रिसर्च स्टेटमेंट लागेल का? (एक वाचक, विरार)

उत्तर : सहसा नाही मागत. तिथे पदव्युत्तरला ५५ टक्के, नेट-सेट आणि मग इंटरव्ह्यू, त्यात वर्गात कसं शिकवता यावर भर असतो. तरी एक पान तयार ठेवा, कारण "कॉलेजच्या लॅबमध्ये तुम्ही काय रिसर्च करणार" हे विचारलं जातंच, आणि तिथे उत्तर कॉलेजच्या लॅबला परवडेल असंच असावं : साधा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, टीवायच्या चार मुलांचा हात आणि सहा महिने, एवढ्यात होणारा एक प्रश्न.

प्रश्न : स्टेटमेंट एआयकडून लिहून घेतलं तर चालेल का? इंग्रजी कच्चं आहे माझं. (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : व्याकरण तपासायला घ्या, संस्थेने मनाई केलेली नसेल तर. पण पहिला मसुदा तुम्हीच लिहा, हवं तर मराठीत लिहा. माझी एक विद्यार्थिनी आधी मोबाइलवर मराठीत बोलून रेकॉर्ड करायची, काय शोधायचंय ते आईला सांगितल्यासारखं, मग ते ऐकत ऐकत इंग्रजीत उतरवायची. तिची वाक्यं छोटी असायची, आणि इंटरव्ह्यूत कोणी कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं तरी तिला ती ओळ का लिहिली ते सांगता यायचं.